‘तेजलहर’चा ठिपका

२० जानेवारी २०२५, सोमवार

नकाशावरचा चौकोन ठरला! डोळ्यांची नुसती आग होतेय, पण ठरला. वेरावळपासून नैर्ऋत्येला सव्वातीनशे सागरी मैल. खाली तीन किलोमीटर पाणी. माकुलं, म्हणजे स्क्विड, धरायला आजवर तिकडे आपली एकही बोट गेलेली नाही — निदान कुणी कबूल केलेलं नाही.

उपग्रहाच्या चित्रांत तिथे एक मोठा भोवरा दिसतो. खालचं थंड पाणी वर येतंय आणि त्याच्या कडेने हिरवा पट्टा. हिरव्यावर बारीक जीव, बारीक जीवांवर कंदीलमासे, कंदीलमाशांवर माकुलं. कागदावर सगळं कसं शहाण्यासारखं एकमेकांना खातं! डिसेंबरमध्येही खात होतं. तेव्हा तीन चौकोन दिले, तिन्ही रिकामे निघाले. मालकांनी मला आठवडाभर चहासुद्धा विचारला नाही.

मालक म्हणजे धर्मेशभाई. मूळचा धंदा साड्यांचा. मग मासळीच्या निर्यातीत उतरले, आणि आता त्यांना खोल समुद्रातलं जांभळ्या पाठीचं माकूल हवंय. किनाऱ्याजवळचं संपत आलंय, हे खरंच आहे. आज म्हणाले, “केतकीबेन, आ छेल्लो चान्स. पछी हुं बोट वेची दईश.” नाहीतर बोट विकून टाकणार म्हणे. मी म्हटलं, बरं. दुसरं काय म्हणणार?

या खेपेला पराग जातोय. माझा धाकटा भाऊ. मासेमारीचं शास्त्र शिकला रत्नागिरीला, आणि मीच त्याला या कंपनीत ओढला. तो पाण्यावर, मी अडाजणच्या ऑफिसात पडद्यासमोर. आई म्हणते, दोन्ही पोरं एकाच घाण्याला जुंपलीत.

२१ जानेवारी

पराग गेला वेरावळला. आईने मेथीचे लाडू दिले डबाभर. त्याला मेथी आवडत नाही, हे तिला एकोणतीस वर्षांत कळलेलं नाही. तोही घेतो निमूट आणि खलाशांना वाटतो.

मयुरी त्याला सोडायला खालीसुद्धा आली नाही. मयुरी म्हणजे त्याची बायको. महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते आणि घरी आल्यावर आम्हाला शिकवते. भांडी लावता लावता मला म्हणाली, “ताई, तुम्ही पाठवताय त्याला.”

“मी नाही, धर्मेशभाई पाठवतात.”

“चौकोन कुणी काढला?”

मी काढला. मग? कुणीतरी काढायलाच हवा ना! बोट काय अशीच वाटेल तिकडे सोडायची?

२३ जानेवारी

‘तेजलहर’ निघाली. तांडेल, म्हणजे कप्तान, लखमभाई — वेरावळचे खारवा, पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर. त्यांचे खलाशी, पराग, आणि डिंडोलीचा सुपडू.

सुपडू माझा शोध. माकूल उजेडाला वर येतं, त्यामुळे बोटीला दोन्ही बाजूंनी दिव्यांच्या माळा लावल्यात, त्यांना मोठा जनरेटर. आपल्या हद्दीत दिवे लावून मासेमारी करायला बंदी आहे, म्हणून हद्दीच्या बाहेर चाललोय, रीतसर परवाना काढून. पण एवढे दिवे सांभाळायला माणूस मिळेना. हा लूमच्या कारखान्यात वायरमन होता, कारखाना बंद पडला, बायको शोभा आमच्या बिल्डिंगमध्ये पोळ्या करते तिने नाव सांगितलं. समुद्र पाहिला होता फक्त डुमसचा, तोही भजी खाताना. विचारलं, भीती नाही ना वाटणार? तर म्हणाला, “पानीले बी नि करंटले बी मी भ्यास नही, ताई!”

पडद्यावर हिरवा ठिपका सरकतोय. बोटीवरचं यंत्र थोड्या थोड्या वेळाने जागा कळवतं. चांगलं आहे, पण एक घोळ आहे — ही जागा फक्त आम्हाला दिसत नाही. ज्याच्याकडे ते ॲप आहे त्या सगळ्यांना दिसते. त्यामुळे आमच्या धंद्यात एक रीत आहे, कुठे लिहिलेली नाही पण सगळे पाळतात: माल लागला की यंत्र बंद. फोनही बंद. नाहीतर चार दिवसांत पाठोपाठ पन्नास बोटी येतात आणि जागा धुऊन नेतात. ठिपका गेला म्हणजे माल मिळाला! मग चांदणं वाढलं की माकुलं दिव्यांना विचारत नाहीत. तेव्हा यंत्र चालू करायचं आणि घरी यायचं. अष्टमीच्या आसपास.

पराग निघताना फोनवर म्हणाला, “ताई, ठिपका गेला की पेढे आण. सुमूल डेअरीचे नको, चांगले आण.” हलकट.

२५ जानेवारी

सॅटेलाइट फोन आला. पोचले! समुद्र तळ्यासारखा शांत आहे म्हणे.

आवाज मध्येच जात होता, पण उत्साह जात नव्हता. इको साउंडरवर कंदीलमाशांचा पट्टा दिसतोय, दिवसा चारशे मीटरवर आणि अंधार पडायला लागला की अख्खाच्या अख्खा वर. “एवढा जाड आहे ताई, की मशीनला वाटतंय तळच आला!” माकूल स्वतः मशीनवर दिसत नाही. त्याच्या अंगात हवेची पिशवीच नसते, आवाज परत कुठून येणार? खाणं दिसतं, खाणारा दिसत नाही. तिथे गळ सोडूनच बघावं लागतं.

मयुरीला फोन दिला. ती म्हणाली, “जेवलास का?” आणि मग नुसतीच हूं हूं करत राहिली. मी स्वयंपाकघरात गेले.

२६ जानेवारी

दिवसभर त्याच चौकोनात घुटमळतोय ठिपका. इकडे पाच मैल, तिकडे पाच मैल. म्हणजे शोधतायत. लागू दे रे बाबा.

२७ जानेवारी, सोमवार

ठिपका गेला!!

सकाळी ऑफिसात येऊन पडदा उघडला तर नाही! शेवटची खूण पहाटेची. मी खुर्चीवरून उठलेच. पुन्हा बघितलं, दुसऱ्या कॉम्प्युटरवर बघितलं. नाही म्हणजे नाही. फोन लावून पाहिला — बंद. धर्मेशभाई देवासमोर अगरबत्ती लावत होते, तसेच अगरबत्ती हातात घेऊन आले. “गयुं? साचे गयुं?” आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला! डिसेंबरचा सगळा अपमान धुतला गेला. अख्ख्या मजल्याला पेढे. खालच्या एम्ब्रॉयडरीवाल्यांनासुद्धा.

घरी पण नेले. आईने देवापुढे ठेवले. मयुरीने हातात घेतला आणि विचारलं, “दिसत नाही म्हणजे? कुठे आहे ते तुम्हालाही माहीत नाही?”

समजावलं सगळं. रीत सांगितली. ती ऐकून घेते आणि मग एकच बोलते, तशी म्हणाली, “तुमच्या धंद्यात माणूस दिसेनासा झाला की पेढे वाटतात?”

राग आला मला. चांगल्या दिवशी असं बोलायचं कशाला? आणि पेढा तर खाल्लाच तिने.

२९ जानेवारी

अमावास्या. ठिपका नाही. उत्तम!

मी डोळ्यांपुढे आणते कधी कधी — चहूकडे काळं पाणी, मध्ये एवढीशी बोट जळत्या दिव्यांनी उजळलेली, आणि खालून ती लालसर जांभळी जनावरं झेपावत वर येतायत. मी आयुष्यात एकदाही जिवंत माकूल पाहिलेलं नाही. नुसते आकडे नि रंग. पराग चिडवतो, तू म्हणजे स्वयंपाकघरात न जाता रेसिपी लिहिणारी.

२ फेब्रुवारी, रविवार

वसंत पंचमी. मयुरीने केशरी भात केला. मी सकाळी पुलापलीकडून पोंक आणला, इकडचा ज्वारीचा हुरडा, सोबत लिंबू-मिरीची शेव, सगळं साग्रसंगीत. या वर्षी थंडी कमी पण पोंक गोड आहे. तिघी गॅलरीत बसून खाल्ला. वरच्या तारेवर उत्तरायणातले, संक्रांतीचे पतंग अजून अडकलेले आहेत, आई म्हणाली, ते बघ परागने काटलेला. तो परागने काटलेला नव्हता, पण असू दे.

धर्मेशभाई दुसरी बोट घ्यायचं बोलतायत. मला म्हणाले, तुमचं केबिन वेगळं करून देतो. ए.सी.वालं! मी हसले, पण मनात पडदे कुठल्या रंगाचे तेही ठरवून झालं. मयुरीसुद्धा आज हसली. बरा गेला दिवस.

५ फेब्रुवारी

अष्टमी. आज-उद्यात यायला हवा ठिपका.

६ फेब्रुवारी

नाही आला.

दिवसभरात पडदा किती वेळा उघडला ते मलाच माहीत नाही. धर्मेशभाई खुशीत आहेत. “माल वधारे हशे! लखमभाई एम खाली हाथे नहीं आवे.” असेल माल जास्त. लखमभाई हट्टी आहेत, हे खरं.

संध्याकाळी मयुरीने विचारलं, तुमची ती अष्टमी झाली ना? (तिने कॅलेंडरवर खूण केली आहे. मला माहीत नव्हतं.) म्हटलं, झाली, येईल. म्हणाली, तटरक्षक दलाला कळवा. मी म्हटलं, कशाला? काय झालंय? कळवायचं म्हणजे जागा सांगायला लागते. जागा वायरलेसवर गेली की किनाऱ्यावरच्या प्रत्येक बोटीच्या कानात जाते. एवढी मेहनत, डिसेंबरपासून, आणि परागने आतापर्यंत जे केलं ते सगळं पाण्यात. तो परत आल्यावर मलाच फाडून खाईल.

“येऊ दे ना परत. खाऊ दे,” म्हणाली.

“मयुरी, तुला यातलं काही कळत नाही.”

असं म्हटलं मी. ती उठून गेली. आई टीव्ही बघत होती, तिने आवाज वाढवला.

७ फेब्रुवारी

शोभा ऑफिसात आली होती, सुपडूची बायको. चप्पल दाराबाहेर काढून उभी राहिली. मी आत बोलावलं तर खुर्चीवर बसेना.

“ताई, माले खरं सांगा. तो कोठे शे? फोन लागस नही. आंडेर रोज इचारस, बाप कवय ई.”

लेक रोज विचारते, बाप कधी येणार. मी तिला पाणी दिलं. म्हटलं, अगं चांगली खबर आहे! माल लागलाय, म्हणून फोन बंद ठेवलाय त्यांनी. असंच करतात सगळे.

“चांगली खबर शे?”

“हो.”

तिने माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे. पडद्यावर नुसतं निळं होतं. “तुम्ही सांगतस ते खरं,” म्हणाली आणि गेली. इतका सरळ विश्वास ठेवू नये कुणी माझ्यावर.

८ फेब्रुवारी

विचार केला शांतपणे. चंद्र आता पहाटेपूर्वी मावळतो. म्हणजे त्यानंतर थोडा वेळ तरी अंधार मिळतोच. तेवढ्यात गळ टाकत असतील. शिवाय हे किनाऱ्याचं माकूल नाही, खोलातलं आहे, याला चांदण्याचं तितकं वावडं नसेलही. कुणी तपासलंय? कुणीच नाही. पराग तेच तपासत असणार, त्याचा स्वभावच तसा.

मी हुशार आहे. कारणं शोधायला मला वेळ लागत नाही.

संकटाचं बटण आहे बोटीवर. दाबलं की सरळ तटरक्षक दलाकडे जातं. ते वाजलेलं नाही. म्हणजे संकट नाही. हे तर कुणीही मान्य करील.

९ फेब्रुवारी

मयुरी बोलत नाही माझ्याशी. ताट वाढते आणि आत जाते.

१० फेब्रुवारी, सोमवार

पहाटेच उठून गॅलरीत कपडे वाळत घालताना समोरच्या इमारतीवर पांढरा फटक चंद्र मावळत होता. जवळजवळ पुरा. तो बघितला आणि बादली तशीच टाकून मी आत आले. या उजेडात कुणी दिवे लावत नाही. कुठलंच माकूल वर येत नाही. माझी सगळी कारणं एका क्षणात संपली.

धर्मेशभाईंकडे गेले. म्हणाले, “बे दिवस जुओ. बे दिवसमां शुं थवानुं?” त्यांचा आवाजही खाली गेला होता पण. आणखी दोन दिवस थांबणं आता शक्य नव्हतं. जिन्यात गेले. खालच्या मजल्यावर एम्ब्रॉयडरीची मशीनं खडखडत होती, एक कान बोटाने दाबून फोन लावला. बोटीचं नाव, नंबर, माणसांची नावं. शेवटची जागा. जागा दोनदा सांगितली, एकेक आकडा सुटा करून.

समोरचा माणूस सज्जन होता. त्याने विचारलं, “मॅडम, सिग्नल कब से बंद है?” सांगितलं. त्याने तारीख लिहून घेतली. मग म्हणाला, “और आप आज बता रहे हो?”

काय सांगू त्याला? आम्ही पेढे वाटले, हे सांगू?

घरी येऊन मयुरीला सांगितलं, कळवलं. तिने माझा हात धरला नाही, रडलीही नाही. कपाटातून परागचा स्वेटर काढला आणि उन्हात टाकला. सापडला की थंडी वाजत असेल म्हणून.

११ फेब्रुवारी

विमान गेलं. दिवसभर काही नाही. वायरलेसवर सगळ्या बोटींना सांगितलंय. आसपासच्या काही बोटीही निघाल्यात शोधायला. बरी माणसं असतात जगात.

१२ फेब्रुवारी

काही नाही.

आईला आता कळलंय. “माझा पराग पोहतो चांगला,” म्हणाली. तीन किलोमीटर खोल पाण्यात. मी हो म्हटलं.

१३ फेब्रुवारी

बर्फाच्या पेटीचं झाकण सापडलं. त्यावर आमच्या कंपनीचं नाव. आणि एक निळा पिंप. बस.

१५ फेब्रुवारी

अधिकाऱ्यांनी ऑफिसात बोलावून सगळं समजावलं. झाकण शेवटच्या जागेपासून फार लांब सापडलंय. इतकं लांब वाहायला बरेच दिवस लागतात. तो मालवाहू जहाजांचा रस्ताही आहे. त्यांचा अंदाज असा — सत्तावीस तारखेच्या पहाटेच एखादं मोठं जहाज धडकलं असणार. यंत्र कुणी बंद केलं नाही. बोट गेली म्हणून यंत्र गेलं. बटण दाबायलाही कुणाला वेळ मिळाला नाही.

म्हणजे मी ज्या सकाळी आनंदाने खुर्चीवरून उठून उभी राहिले होते, तेव्हाच सगळं संपलं होतं.

धर्मेशभाई ओक्साबोक्शी रडले. मी त्यांना रडताना बघत बसले. माझ्या मनात एक वेगळीच गोष्ट फिरत होती. भोवऱ्यात पाणी जोरात फिरतं. झाकण एवढं लांब जायला तिथे थोडे दिवसही पुरतील, म्हणजे बोट नंतरही बुडाली असेल. हे तिथे बसलेल्या कुणापेक्षाही मला जास्त माहीत होतं, तो भोवरा मीच निवडला होता. मी ते बोलले नाही. कुणी विचारलं नाही, आणि मी बोलले नाही.

१८ फेब्रुवारी

शोध थांबवला.

शोभाकडे गेले डिंडोलीला. गल्लीतल्या बाया बसलेल्या होत्या भोवती. मला बघून सरकून जागा दिली. शोभाने माझ्यासाठी चहा सांगितला. तिची लेक दारात दोरीवरच्या उड्या मारत होती, तिला कुणीतरी आत ओढलं. चहा आला. मी प्यायले. तिने मला शिव्या द्यायला हव्या होत्या.

२१ फेब्रुवारी

आज मयुरी माझ्या खोलीत आली. पलंगाच्या कडेला बसली, हातात शाळेच्या वह्यांचा गठ्ठा तसाच.

“ताई, ते साहेब म्हणाले ते खरं ना? लगेच झालं ना सगळं? त्याला कळलंही नसेल ना?”

“नाही गं. झोपेत असेल.”

“म्हणजे मी तुम्हाला कळवा कळवा म्हणत होते, तेव्हा काही उपयोग नव्हताच.”

“नव्हता.”

“मी तुम्हाला मनात फार वाईट बोलले, ताई. फार म्हणजे फार. तुमच्या हातात काहीच नव्हतं.”

आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली, पहिल्यांदाच. वह्या सगळ्या खाली पडल्या. मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींना कधी शिवलोही नव्हतो अशा.

झाकणाचा हिशेब त्यांचाच खरा असेल. ती मोठी माणसं आहेत, रोजचं काम आहे त्यांचं.

२२ फेब्रुवारी

झोप लागली मला. किती दिवसांनी.

१ मार्च

ऐकू नये ते ऐकलं. शोधायला गेलेल्या बोटींपैकी चार या अमावास्येच्या अंधारात पुन्हा तिकडेच गेल्या. पोटं भरून आल्या बोटी. हाताएवढी माकुलं, जांभळ्या पाठीची, ठेवायला बर्फ पुरला नाही. आणखी बोटी चालल्यात म्हणे, थेट पोरबंदरहूनसुद्धा.

धर्मेशभाईंनी फोन करून सांगितलं. मग हळूच म्हणाले, “जग्या तो साची हती, केतकीबेन.”

जागा खरी होती! माझं सगळं बरोबर होतं. भोवरा, हिरवा पट्टा, कंदीलमासे, सगळं. फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन ओकले.

३ मार्च

राजीनामा दिला. धर्मेशभाईंनी नको म्हटलं नाही.

६ मार्च

मयुरी शाळेत जायला लागली. तिचं अंथरूण आता माझ्याच खोलीत असतं. आई मध्येच उठून बघून जाते, दोघी आहोत ना. मयुरी आज म्हणाली, सुट्टी लागली की आपण तिघी कुठेतरी जाऊ या, जिथे पाणी नसेल तिथे. म्हटलं, जाऊ या.

तिच्यामुळे उभी आहे मी. तिला वाटतं माझ्यामुळे ती.

९ मार्च, रविवार

सुपडू जिवंत आहे. सोमालियाच्या एका मच्छीमार गलबताने उचललं. भाषा कुणाची कुणाला कळेना, त्यात ताप, शुद्ध नाही, आता कुठे नंबर आठवला. शोभा धावतपळत फोन घेऊन आमच्याकडे आली आणि माझ्या कानाला लावला.

यंत्र परागनेच बंद केलं होतं. माल लागला होता. आग नंतर लागली, वसंत पंचमीला, केबिनमध्येच. फोन, बटण, सगळं तिथेच. पाच जण तराफ्यावर उतरले. पराग त्यांच्यात होता. नऊ फेब्रुवारीपर्यंत जिवंत होता.

“साहेब रोज म्हने, मनी ताई शे तठे. अष्टमी व्हई गई, आते ती वळखी लिई.” पराग रोज म्हणायचा, माझी ताई आहे तिथे, अष्टमी झाली, आता ती ओळखेल.

मयुरी बाहेर शोभाला पाणी देतेय. दोनदा हाक मारून विचारलं, ताई, काय म्हणाला सुपडू? मी म्हटलं, आलेच.